एक जुलैला जन्मलेले तिघे

जबाब
दिनांक १९ जुलै २०२३
पोलीस स्टेशन, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा

मी सुगत हिरामण खोब्रागडे, वय आधारकार्डाप्रमाणे २४ वर्षे, धंदा मजुरी (कंपनीत ठेक्यावर पॅकिंगचे काम), शिक्षण आठवी, राहणार मौजा मोहटोला, तालुका तुमसर, हल्ली मुक्काम चाकण, जिल्हा पुणे. आज रोजी समक्ष हजर राहून माझ्या हाताने लिहून देतो की,

साहेबांचे रायटर बंदोबस्तावर गेले आहेत. हवालदार साहेब म्हणाले, तुले लिहिता येते ना, मग तूच लिही, जसं घडलं तसं. माझे शुद्धलेखन बरोबर नाही. अक्षर मोठे आहे म्हणून कागद जास्त लागतील.

माझ्या गावचा विनोद गुलाब नंदागवळी हा माझा लहानपणापासूनचा मित्र. तो या महिन्यात पुण्याहून गावी यायला निघाला व घरी पोहोचला नाही. त्याची आई वच्छला गुलाब नंदागवळी यांनी इथे हरवल्याची तक्रार दिली. विनोदला शेवटी कोणी पाहिले, तर मी. म्हणून मला पुण्याहून बोलावले व मी आलो. मी हे लिहीत असताना वच्छला काकू बाहेर बाकावर बसल्या आहेत. मी आत येताना त्यांनी मला विचारले, "जेवला काय बापू?" मी हाव म्हटले.

मी, विनोद व टेकचंद पटले असे आम्ही एका गावचे तिघे चाकणला एका खोलीत राहतो. आधी मी गेलो. मी हैदराबादला टाईल्सच्या कामावर होतो, मग सुरतला, मग पुण्यात बेकरीत, मग चौकीदारीवर. साहेबांनी विचारले की इतक्या जागा का सोडल्या. त्याला कारण नाही. एका जागी बसलो की मला गुदमरल्यासारखे होते. विनोद तसा नव्हता. तो माझ्यामुळे आला व आल्यापासून एकाच ठेकेदाराकडे टिकून होता. खोलीत भात तोच मांडायचा. टेकचंद भाजी करायचा व मी भांडे घासायचो. भांडे घासताना मी बडबड करायचो, तेव्हा विनोद म्हणायचा, "तू नोकरी बदलवतोस तशी एखाद्या दिवशी अंगातली गंजी बी बदलव." आमच्या खोलीत भांडण नव्हते, पैशावरून नाही की बाईवरून नाही. टेकचंदला विचारले तरी तो हेच सांगेल.

आता वाढदिवसाचे सांगतो, कारण सगळे तिथून सुरू झाले.

आमच्या तिघांच्याही आधारकार्डावर जन्मतारीख एक जुलै आहे. साल मागेपुढे आहे, तारीख एकच. त्यात बोगस काही नाही. आम्ही घरी जन्मलो. आईबापाला तारीख माहीत नव्हती, हंगाम माहीत होता. शाळेत नाव घालायला नेले तेव्हा गुरुजींनी शाळा सुरू होण्याचा हिशोब धरून एक जुलै लिहिली. आमच्या वर्गात अर्ध्याच्या वर पोरे एक जुलैची होती. तेच पुढे टीसीवर आले व तेच आधारवर. वच्छला काकू सांगतात की विनोद जिल्हा फुटला त्या साली झाला, भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या उन्हाळ्यात, तेंदूपत्ता तोडाई चालू असताना. पत्त्याचे पुडे बांधता बांधता त्यांच्या पोटात दुखायला लागले होते. म्हणजे तो एक जुलैचा नाही. पण गावात याचे कोणाला काही वाटत नाही. वाढदिवस म्हणजे कागदावर आहे तो.

म्हणून चाकणला आम्ही तिघांचा वाढदिवस दरवर्षी एकाच दिवशी करायचो. एक केक, एक सुरी, तिघांचे हात. गच्चीवर शेजारच्या बिहारी पोरांना बोलवायचो. यावर्षी टेकचंदने मोबाईलवर एक जाहिरात पाहिली. पुण्यात मॉलमध्ये एक मोठे हॉटेल आहे, टेबलातच शेगडी बसवलेली असते, लोखंडी काडीला लावून कोंबडी, झिंगे आणून देतात, कितीही खा. त्यात लिहिले होते की ज्याचा वाढदिवस त्याचे जेवण फुकट, ओळखपत्र दाखवा. टेकचंद उड्या मारायला लागला. "बे, आपले तं तिघाचे बी आहे! तिघं बी फ्री!" मी म्हटले असे नसते. विनोद म्हणाला, "त्याहिनंच लिहिलं आहे ना. आपन का चोरी करून राहिलो?" खाली इंग्रजीत बारीक अक्षरात आणखी काही लिहिले होते. ते आम्ही वाचले नाही.

दिनांक एक जुलै रोजी शनिवार होता. आम्ही तिघांनी सुटी घेतली व दुपारी बसने पुण्यात गेलो. विनोदने निळा शर्ट घातला होता. तो शर्ट त्याने मुलगी पाहायला जाण्यासाठी शिवला होता. पवनी तालुक्यात कोंढ्याला त्याच्यासाठी मुलगी सांगून आली होती व वच्छला काकूंनी पोळ्याच्या आधी पाहायला जायचे ठरवले होते. शर्ट आताच घालू नको असे मी म्हटले तर म्हणाला, "मोठ्या हाटेलात फोटो निघंन, तो माय त्याहिले दाखवंन."

हॉटेलच्या दारात आम्ही वाढदिवस आहे असे सांगितले व आधारकार्डे दाखवली. दारातल्या मुलीने तिन्ही पाहिली, हसली व आत जा म्हणाली. आम्हाला तिघांना सोनेरी कागदाचे मुकुट घातले. आम्ही पुष्कळ खाल्ले. विनोदने झिंगे खाऊन सांगितले की आपल्या तलावाच्या झिंग्याची चव याला नाही, तरी पुन्हा मागवले. भात कुठे आहे असे त्याने वाढणाऱ्याला विचारले, तो म्हणाला भात शेवटी मिळतो. "शेवटी कायले, आमच्याकडे तं भातापासून सुरू होते," असे विनोद म्हणाला. तो वाढणारा मुलगा बालाघाटकडचा निघाला व आमच्या टेबलावर जास्त येऊ लागला. नंतर चारपाच जण ढोल वाजवत आले, केक आणला व तिघांचे नाव घेऊन गाणे म्हटले. आजूबाजूच्या टेबलावरच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. त्या वेळेपर्यंत सगळे चांगले होते.

बिल मागितल्यावर मॅनेजर आला. त्याचे नाव मला माहीत नाही. तो म्हणाला की टेबलावर एकच फ्री असतो, तेही बाकीचे पैसे भरणारे असले तर. मग त्याने तिन्ही आधारकार्डे पुन्हा मागितली व बराच वेळ पाहिली. तो मोठ्याने म्हणाला, "तीन मुलं, एक गाव, एक तारीख. तुमच्या गावात सगळी बाळंतपणं एकाच दिवशी होतात का?" शेजारचे लोक हसले. विनोद म्हणाला, "एकाच दिवशी नाही सर, एकाच गुरुजीच्या हातानं." लोक आणखी हसले. विनोदलाही वाटले की त्यांना समजले, म्हणून तोही हसला. पुढे जो व्हिडिओ फिरला त्यात तो मुकुट घालून हसताना दिसतो ते यासाठी. तो कोणाची फजिती करत नव्हता.

मी त्याच्या पायाला टेबलाखालून पाय लावला. टेकचंद म्हणाला, "चाल ना बे, बिल भरून टाकू." पण विनोदला कोणी विचारले की पूर्ण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याने मॅनेजरला शाळेतले सगळे समजावून सांगितले. शेवटी तो म्हणाला, "खरं पाहता आज आमचा कोनाचाच वाढदिवस नाही, सर. मी तं उन्हाळ्यातला आहो." मॅनेजर लोकांकडे वळून म्हणाला, "ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने सांगतोय." मग म्हणाला की मुकुट काढू नका, तसेच उभे राहा, आधार हातात धरा. विनोद उभा राहिला. मी व टेकचंद उभे राहिलो नाही. शेजारच्या टेबलावरचा एक माणूस मोबाईल धरून होता. ढोल वाजवणारा एक मुलगा हळू आवाजात म्हणाला, जाऊ द्या सर. त्याचे कोणी ऐकले नाही.

बिल आम्ही पूर्ण भरले. हे मुद्दाम लिहून देतो. त्या हॉटेलचे आमच्याकडे काही बाकी नाही व आमच्यावर तिथे कोणती तक्रारही झाली नाही. आम्ही बसने परत निघालो. विनोद म्हणाला, "झिंगे मस्त होते पण." मग तो खिडकीतून बाहेर पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशीपासून तो व्हिडिओ फिरला. त्यावर लिहिले होते, फुकट जेवणासाठी बोगस आधार, तिघे पकडले. आम्हाला कोणी पकडले नव्हते. व्हिडिओत तिघे दिसत नाहीत, एकटा विनोदच दिसतो. तो आमच्या ठेकेदाराने पाहिला. त्याने आम्हाला तिघांना बोलावून सांगितले की कंपनी कागद तपासते, गावाहून जन्माचा दाखला आणा, तोवर विनोदने कामावर येऊ नये. मी म्हटले दाखला कसा मिळेल, घरी जन्मला आहे. ठेकेदार म्हणाला ते तुम्ही पाहा. मला व टेकचंदला त्याने कामावर ठेवले, कारण आमचे तोंड व्हिडिओत नव्हते.

मग तो व्हिडिओ आमच्या गावच्या ग्रुपवर आला. तिथून जवळच्या आंबागड गावाला, तिथून कोंढ्याला कसा गेला हे मला माहीत नाही. कोंढ्याच्या पाहुण्यांनी वच्छला काकूंना फोन करून सांगितले की आता मुलगी पाहायला येऊ नका. त्या दिवशी काकूंचा विनोदला फोन आला तेव्हा मी व टेकचंद खोलीत होतो. विनोद पीठ मळत होता, हात भरलेले होते म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला. काकू रागावून बोलल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "विनोद, तू असं काहून केलं बापा?" त्याने कोपराने फोन बंद केला व पीठ मळत राहिला. त्या दिवशी पोळ्या फार झाल्या.

त्यानंतर त्याने गावी जाऊन दाखल्याचे पाहतो असे ठरवले. मी त्याला पुणे स्टेशनवर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसवून दिले. त्याच्याकडे एक काळी बॅग होती. मी त्याला पाण्याची बाटली व चिवडा घेऊन दिला. मी म्हटले, गावचे पोट्टे काही म्हणतील तर लक्ष देऊ नको, दोन दिवस म्हणतील. तो म्हणाला, "ग्रुपवर माहं नाव फ्रीवाला ठेवलं आहे, पाहिलं काय?" मी पाहिले होते. मी नाही म्हटले. गाडी सुटली. त्यानंतर त्याचा मोबाईल बंद आहे. तो तुमसर रोडला उतरला नाही असे स्टेशनवर उभ्या असलेल्या गावच्या ऑटोवाल्याने काकूंना सांगितले.

साहेबांनी विचारले की गाडी सुटल्यावर विनोदचा तुझ्याशी काही संपर्क झाला काय. विचारल्यावरून सांगतो की, झाला नाही. तो सध्या कुठे आहे हे मला माहीत नाही. माझा कोणावर संशय नाही.

इथपर्यंत लिहिले तेव्हा बाहेर गाडी आली. हवालदार साहेब उठून बाहेर गेले. मी खिडकीजवळ होतो म्हणून मला ऐकू आले. ते काकूंना म्हणाले, "चला काकू, गोंदियाले जायचं आहे." काकू म्हणाल्या, "कायले साहेब?" साहेब म्हणाले, "एक पोरगा पाहायचा आहे." काकू लगेच उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "भेटला काय? असा कसा गोंदियाले गेला हा? उपाशी असंन, वाटेत काही घेऊन घेऊ साहेब." गाडीतल्या शिपायाने खाली पाहिले. काकूंनी पदर नीट केला, चप्पल घातली व गाडीत बसायला निघाल्या.

मी आतल्या शिपायाला विचारले, कोणता पोरगा. तो म्हणाला की तुमसर रोडच्या पुढे रेल्वे लाईनवर एक अनोळखी मयत मिळाला आहे, वय पंचविसाच्या आत, चेहरा ओळखू येत नाही, अंगावर निळा शर्ट आहे. आईने पाहिल्याशिवाय पुढे काही करता येत नाही.

म्हणून मी बाहेर जाऊन हवालदार साहेबांना म्हटले की गाडी थांबवा, मला अजून लिहायचे आहे. मी म्हटले वरच्या दोन ओळी खोडतो. साहेब म्हणाले, "खोडायचं नाही. काय सांगायचं ते खाली लिही." म्हणून खाली लिहितो.

वर मी लिहिले की विनोदचा संपर्क झाला नाही व तो कुठे आहे मला माहीत नाही. ते खोटे आहे. विनोद जिवंत आहे. परवा सायंकाळी त्याने मला दुसऱ्याच्या नंबरवरून फोन केला. तो छत्तीसगडमध्ये दुर्गला आहे व स्टेशनजवळच्या एका भोजनालयात ताटे धुतो. ज्या नंबरवरून फोन आला तो माझ्या मोबाईलमध्ये आहे, मोबाईल साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे. गोंदियाला जो पोरगा आहे तो विनोद नाही. तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

विनोदने मला फोनवर सांगितले की तुमसर रोड आले तेव्हा तो बॅग घेऊन दारात आला होता. प्लॅटफॉर्मवर गावचे दोघे पोट्टे उभे दिसले. ते कोणाला तरी घ्यायला आले असतील, पण त्याला वाटले की ते मोबाईल काढून उभे आहेत. तो उतरला नाही. गोंदियाला गाडी संपली तेव्हा उतरला व तिथून दुसऱ्या गाडीत बसला. न उतरण्याचे आणखी एक कारण त्याने सांगितले. ते मी इथे लिहीत नाही, कारण हा जबाब वाचून दाखवतील तेव्हा काकू ऐकतील. साहेबांना पाहिजे असल्यास वेगळे तोंडी सांगेन.

मी हे आधी का सांगितले नाही असे साहेबांनी विचारले. विनोदने मला माझ्या आईची आन घातली होती. तो म्हणाला, "गावात कोनाले सांगितलं तं याच्यापुढे माहा आवाज तुले भेटणार नाही." कोणत्या अर्थाने म्हणाला हे मी विचारले नाही. मला भीती वाटली. पुण्याहून इथपर्यंत येताना मी हाच विचार करत आलो की आज पाहू, उद्या पाहू, तो स्वतःच येईल. काकू बाहेर बसल्या होत्या तरी मी खोटे लिहिले. त्या गाडीत चढायला निघाल्या तेव्हा मला लिहावे लागले. यापुढे विनोदला काही झाले तर ते माझ्या सांगण्यामुळे होईल, हेही मला समजते.

म्हणून माझी विनंती आहे की दुर्गला वर्दीत कोणी जाऊ नये व त्या नंबरवर पोलिसांनी फोन करू नये. तो घाबरेल व तिथूनही निघेल. मी काकूंना घेऊन जातो. साध्या कपड्यात एक शिपाई मागच्या डब्यात बसला तर माझी हरकत नाही. आधी मी एकटा भोजनालयात जाईन. जेवायला बसेन. तो ताटे उचलायला येईल तेव्हा बोलेन. आधारकार्डाबद्दल त्याच्यावर कोणती केस नाही, असे साहेबांनी मला आता सांगितले आहे. ते मला कागदावर लिहून मिळावे, म्हणजे त्याला दाखवता येईल. माझे बोलणे तो आता मानेल की नाही हे सांगता येत नाही.

याशिवाय मला काही सांगायचे नाही.

हा जबाब मी लिहिला व हवालदार साहेबांनी वच्छला काकूंना आत बोलावून मोठ्याने वाचला. विनोद जिवंत आहे इथपर्यंत आल्यावर काकूंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, "तेवढं पुन्हा वाचा साहेब." साहेबांनी वाचले. काकू म्हणाल्या, "अजून एक खेप." साहेबांनी कागद मला दिला व म्हणाले, तुझे अक्षर आहे, तूच वाच. मी वाचले. काकूंनी विचारले, "तू लिहिलं आहेस ना बापू? खरं आहे ना?" मी हाव म्हटले. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे, कोणी जबरदस्ती केली नाही व बरोबर आहे.

सही
सुगत हिरामण खोब्रागडे